अभावाची साक्ष

एखाद्या जनुकाचे कार्य काय हे निर्विवादपणे ठरवायचे तर ते जनुक सजीवातून काढून टाकावे आणि त्याच्यावाचून त्या सजीवाचे काय अडते ते पाहावे, ही रीत जनुकशास्त्रात इतकी रूढ झालेली आहे की तिच्यामागच्या तर्काकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. हिवतापाच्या परजीवीवर काम करणाऱ्याला मात्र तो तर्क रोज नव्याने तपासावा लागतो. हा जीव मनुष्याच्या रक्तात असतो तोपर्यंत प्रत्येक जनुकाची एकच प्रत बाळगतो. ती प्रत काढली आणि ती त्याच्या जगण्याला आवश्यक असली, तर पाहण्यासाठी काही शिल्लकच उरत नाही. प्रयोगाचे फळ म्हणून सूक्ष्मदर्शीखाली येते ती रिकामी काचपट्टी. ती रिकामी काचपट्टी नेमके काय सांगते, आणि तिच्याकडून खरे बोलवून घ्यायचे तर कोणती उपकरणे हवीत, हे शिकण्यात माझ्या कामाच्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे.

मुंबईतल्या एका संशोधनसंस्थेत मी रुजू झाले तेव्हा पहिले कित्येक महिने माझ्याकडे परजीवी जिवंत ठेवण्याचेच काम होते, आणि ते काम दुय्यम आहे असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. प्लाझमोडियम फाल्सिपेरम हा हिवतापाच्या परजीवींपैकी सर्वांत घातक. लाव्हेरां या फ्रेंच लष्करी वैद्याने १८८० साली अल्जीरियातील कॉन्स्टंटिन येथे रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी प्रथम पाहिला. तेव्हापासून जवळजवळ एक शतक लोटले तरी फाल्सिपेरम शरीराबाहेर अखंड वाढवणे कोणाला साधले नव्हते. ते साधले १९७६ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांना. त्यांच्या पद्धतीतला एक भाग मला अतिशय प्रिय आहे. कल्चरच्या बशा काचेच्या हवाबंद भांड्यात ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायची, आणि ती विझली की झाकणाची तोटी बंद करायची. जळणाऱ्या ज्योतीने आतला ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि उरलेली हवा परजीवीला मानवते. आमच्याकडे वायुमिश्रणाच्या टाक्या होत्या, तरीही टाकी यायला उशीर झाला की कपाटातले ते जुने भांडे बाहेर निघत असे, आणि परजीवी त्यातही तितकेच बरे वाढत.

या जीवाचे जीवनचक्र अठ्ठेचाळीस तासांचे आहे, आणि त्याला रविवार किंवा गणपती ठाऊक नाहीत. तांबड्या पेशीत शिरल्यावर तो प्रथम अंगठीसारखा दिसतो, मग पेशीतले हिमोग्लोबिन खात फुगतो, आणि शेवटी विभागून पेशी फोडून बाहेर पडतो. बाहेर पडलेली पिले काही मिनिटांतच नव्या पेशीत शिरतात. रोज माध्यम बदलायचे, रोज एक थेंब काचपट्टीवर पसरून गिएम्साच्या रंगाने रंगवायचा, तेल घालून शंभरपट भिंगाखाली पेशी मोजायच्या, आणि आकडा रोजनिशीत नोंदवायचा. रक्तपेढीतून येणाऱ्या पिशवीतले रक्त कोणा अज्ञात दात्याचे असे. त्याच्या पेशी आमच्या परजीवींचे अन्न होत. आमच्या फ्लास्कमधला वंश ३डी७ या नावाचा. जगभरच्या प्रयोगशाळांत तोच आहे, आणि त्याचे मूळ ॲमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तात आहे. २००२ साली ज्याचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला तोही हाच वंश: चौदा गुणसूत्रे, सुमारे दोन कोटी तीस लक्ष अक्षरे, आणि पाच हजार तीनशेच्या आसपास जनुके, ज्यांपैकी बहुसंख्यांचे कार्य त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते.

त्या जनुकसंचाचे एक वैशिष्ट्य आमच्या सर्व अडचणींच्या मुळाशी होते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी अ आणि ट या दोनच अक्षरांनी त्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग व्यापलेला आहे. असा एकसुरी मजकूर प्रयोगशाळेतल्या इ. कोलाय जिवाणूला पेलत नाही. आपण मोठ्या कष्टाने बांधलेला प्लाझमिड, म्हणजे जनुक वाहून नेणारे डीएनएचे कडे, प्रती वाढवण्यासाठी त्याच्या हवाली करावा, आणि त्याने वाढता वाढता त्यातला मधलाच तुकडा गाळून टाकावा, असे वारंवार घडते. म्हणून परजीवीला हात लावण्याआधीच आठवडेच्या आठवडे प्लाझमिडची रुजवात घेण्यात जातात: एंझाइमने कापून तुकड्यांची लांबी जेलवर पाहायची, मजकूर वाचून घ्यायचा, आणि अक्षर न् अक्षर जुळल्यावाचून पुढची पायरी चढायची नाही. याखेरीज कागदोपत्री रुजवात निराळीच. जनुकीय बदल केलेल्या सजीवांसाठी केंद्र सरकारचे १९८९ चे नियम आहेत, त्यांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे अर्ज करावा लागतो, कोणते जनुक, कोणता वाहक, कचऱ्याची विल्हेवाट कशी, असा सर्व तपशील द्यावा लागतो, आणि मंजुरीचा कागद दप्तरी दाखल झाल्यावरच काम सुरू होते. ही वहिवाट मला कधी जाचक वाटली नाही. औषधाला दाद न देणारे जनुक आपण हाताने एका रोगजंतूत घालणार असू, तर ते कोणते औषध आणि रुग्णाच्या उपचाराशी त्याचा काही संबंध पोहोचतो का, हे कोणीतरी विचारलेच पाहिजे.

आता प्रत्यक्ष डीएनए आत पोहोचवण्याची गोष्ट. परजीवी तांबड्या पेशीच्या आत, तिथेही स्वतःभोवती विणलेल्या एका पिशवीत राहतो. म्हणजे पेशीचे आवरण, पिशवीचे आवरण, परजीवीचे स्वतःचे आवरण आणि त्याच्या केंद्रकाचे आवरण अशी चार आवरणे ओलांडल्यावाचून डीएनए मुक्कामी पोहोचत नाही. अंगठीच्या अवस्थेतले परजीवी असलेल्या पेशी घ्यायच्या, त्यांत पन्नास ते शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे इतर पेशींच्या मानाने प्रचंड म्हणावा इतका, प्लाझमिड मिसळायचा, आणि विजेचा एक क्षणिक झटका द्यायचा. पुष्कळशा पेशी त्या झटक्यानेच फुटतात. जे परजीवी वाचतात त्यांतल्या लाखोंत एखाद्याच्याच केंद्रकात प्लाझमिड पोहोचतो, आणि तो वेगळा काढण्यासाठी उरलेल्या सर्वांना औषधाने मारावे लागते. त्यासाठी वापरले जाणारे डब्ल्यूआर ९९२१० हे द्रव्य परजीवीच्या एका आवश्यक एंझाइमला निकामी करते. प्लाझमिडमध्ये त्या एंझाइमची मानवी आवृत्ती घातलेली असते, तिला हे द्रव्य बाधत नाही, आणि म्हणून ज्याच्याकडे मनुष्याचे हे जनुक गेले तो परजीवी तगतो. १९९७ साली अमेरिकेत सुचलेल्या या युक्तीवर आमच्या क्षेत्रातली असंख्य कामे उभी आहेत.

औषध सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत काचपट्टीवरचे परजीवी नाहीसे होतात, आणि मग मुदत सुरू होते. माध्यम बदलत राहायचे, ताज्या पेशी घालत राहायच्या, आणि ज्यात काही दिसत नाही अशा फ्लास्कची, त्यात काहीतरी आहे असे धरून, तीन, चार, कधी सहा आठवडे सेवा करायची. पहिल्यांदा एका दृष्टिक्षेत्राच्या कोपऱ्यात निळसर अंगठी आणि तिच्या कडेला जांभळा ठिपका दिसला, तेव्हा मी शेजारच्या खोलीतल्या सर्वांना बोलावून दाखवला, आणि त्या आनंदाची उंची नंतरच्या कोणत्याही शोधनिबंधाने गाठली नाही. पण त्या परजीवीत प्लाझमिड नुसता तरंगत होता. गुणसूत्रावरचे मूळ जनुक जागच्या जागी होते. ते बदलायचे तर औषध थांबवायचे, पुन्हा सुरू करायचे, असे फेरे महिनोन्महिने घालत, गुणसूत्रात शिरलेला दुर्मीळ वंश वर येण्याची वाट पाहायची. फाल्सिपेरममध्ये स्थायी स्वरूपाचा जनुकबदल १९९६ साली प्रथम साधला, आणि त्यानंतरची जवळजवळ दोन दशके जगभरची माणसे या पद्धतीने काम करीत होती. त्यांच्या चिकाटीविषयी मला अपार आदर वाटतो.

माझ्या वाट्याला जे जनुक आले होते ते सर्व प्लाझमोडियम जातींत आढळते, मनुष्यात आढळत नाही, आणि त्याच्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचे कार्य अज्ञात होते. औषध शोधू पाहणाऱ्याला याहून आकर्षक उमेदवार मिळणे कठीण. ते काढून टाकण्यासाठी बांधलेला प्लाझमिड मी परजीवींत घातला, मुदत संपेपर्यंत थांबले, आणि काचपट्टी रिकामी राहिली. पुन्हा केले, पुन्हा रिकामी. प्रयोगशाळेत अशा वेळी सहज म्हटले जाते की जनुक आवश्यक असणार. परंतु रिकाम्या काचपट्टीला दोन अर्थ आहेत. जनुक गेले आणि त्याच्याबरोबर परजीवीही गेला, हा एक. प्लाझमिड केंद्रकात पोहोचलाच नाही, किंवा पोहोचला पण त्याला गुणसूत्रात शिरायला वाव मिळाला नाही, हा दुसरा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

आपल्याकडच्या दार्शनिकांनी या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. कुमारिलभट्टाच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तूचे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते स्वतंत्र मानले नाही, पण अभावाचे ज्ञान होते हे त्यांनाही मान्य होते. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला तो न दिसण्यावरून कळते. मात्र तेव्हाच, जेव्हा उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, आणि घडा असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती आहे. अंधाऱ्या खोलीत घडा न दिसणे हा घडा नसल्याचा पुरावा होत नाही. या अटीला योग्यानुपलब्धी असे नाव आहे. एका संस्कृतज्ञ स्नेह्यांच्या तोंडून मी हा विषय ऐकला, त्या दिवसापासून माझ्या प्रयोगांची मांडणी मी याच अटीवर घासून पाहत आले आहे, आणि आमच्या क्षेत्रात गेल्या तीस वर्षांत जी साधने निर्माण झाली ती सर्व या एका अटीची पूर्तता करण्यासाठीच निर्माण झाली, असे माझे मत बनले आहे.

पहिली पूर्तता साधीच होती. जनुक काढण्याऐवजी त्याच्या शेपटाला हिरवा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचा तुकडा जोडणारा प्लाझमिड मी बांधला. तो त्याच जागी शिरायचा होता, त्याच मार्गाने जायचा होता, पण जनुकाचे काम अबाधित ठेवणार होता. तो शिरला. परजीवी वर आले, आणि त्यांच्यात ते प्रथिन कुठे असते तेही दिसू लागले. म्हणजे त्या जागेपर्यंत वाट होती. त्या वाटेने गेलेला निरुपद्रवी पाहुणा परत आला, घातक पाहुणा आला नाही. रिकाम्या काचपट्टीच्या दोन अर्थांपैकी एक आता पुष्कळसा दुबळा झाला. पुष्कळसा म्हणते, पूर्णपणे नव्हे.

उंदरातला परजीवी याहून अधिक मोकळेपणाने बोलतो. प्लाझमोडियम बर्घेई हा १९४८ साली बेल्जियन काँगोच्या कटांगा प्रांतात व्हिंके याने शोधला, नदीकाठच्या उंच जंगलातल्या रानउंदरांच्या रक्तात. हिवतापाच्या परजीवीत स्थायी जनुकबदल सर्वप्रथम झाला तो याच जातीत, १९९५ साली, नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाकडून. याच्या पक्व परजीवींना विजेचा झटका दिला तर हजारात एखादा, कधी त्याहूनही अधिक, डीएनए स्वीकारतात. ते लगेच उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचतात, दुसऱ्या दिवसापासून पिण्याच्या पाण्यात पायरिमेथामिन हे औषध देतात, आणि आठ-दहा दिवसांत बदललेला वंश रक्तात दिसू लागतो. फाल्सिपेरमने ज्या कामाला वर्ष घ्यावे ते इथे महिन्याभरात होते. परंतु यात उंदराचा जीव खर्ची पडतो, आणि ती गोष्ट मी कधी नजरेआड होऊ दिली नाही. प्राणिगृहात ज्यांना सगळे मामा म्हणत, त्या वयस्क साहाय्यकांकडून मी पुष्कळ शिकले. ते पिंजऱ्यापाशी उभे राहून काचपट्टीच्या आधीच सांगत, "मॅडम, हा आज गप्प आहे, ह्याचं रक्त आधी बघून घ्या." त्यांचा अंदाज सहसा खरा ठरे, आणि त्यामुळे कित्येक उंदरांचे हाल वेळीच टळले.

बर्घेईचे दुसरे मोल असे की त्याचे सारे जीवनचक्र, डासासकट, एका इमारतीत चालवता येते. यासाठी जगभर जो डास पाळतात तो ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९०१ साली लिस्टन या ब्रिटिश वैद्याने केले ते आमच्या वऱ्हाडातल्या एलिचपुरी, म्हणजे आजच्या अचलपूरला, वर्षभर डासांचे निरीक्षण करून. मुंबईतल्या हिवतापाला हाच डास कारणीभूत आहे. बेंटली यांनी १९११ साली आणि कॉव्हेल यांनी १९२८ साली या शहराच्या हिवतापाची जी चौकशी केली, तिच्यात विहिरी आणि पाण्याच्या टाक्या यांच्याकडे बोट दाखवले गेले ते याच्यामुळे. जो डास आमच्या गच्चीवरच्या टाकीत उपजतो, त्यालाच आम्ही वातानुकूलित खोलीत साखरपाणी देऊन वाढवत होतो. कटांगाच्या पठारावरचा परजीवी त्याच्या पोटात वाढवायचा तर खोलीचे तपमान वीस-एकवीस अंशांवर ठेवावे लागते, आणि मे महिन्यातल्या मुंबईत वीज गेली की पंधरवड्याचे काम काही तासांत वाया जाई.

डासाची खोली माझ्या मुख्य प्रश्नाला एक निराळी दिशा देऊन गेली. परजीवीच्या बीजाणूंवर दाट पसरलेल्या सीएस या प्रथिनाचे जनुक १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये बर्घेईतून काढण्यात आले. हे तेच प्रथिन, ज्याच्या आधारे पुढे हिवतापाच्या लसी बनल्या. ते काढलेले परजीवी उंदराच्या रक्तात निरोगी वाढले. कोणी तिथेच थांबले असते तर हे जनुक निरुपयोगी आहे असा निर्णय दिला असता. ते डासाच्या पोटात गेले, तिथल्या गाठीही बनल्या, आणि त्या गाठींत बीजाणू जवळजवळ तयारच झाले नाहीत. रक्तातली भरलेली काचपट्टीसुद्धा अपुरी साक्षीदार असू शकते, कारण जनुकाला जिथे बोलायचे असते ती जागाच वेगळी असते. हा प्रयोग मी पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला दिला.

त्यानंतर मोठ्या मोजण्या आल्या. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेच्या गटाने प्रत्येक जनुकासाठी वेगळी खूण असलेले वाहक बांधले, ते एकत्र करून उंदरांत टोचले, आणि कोणती खूण वाढते नि कोणती लोपते हे रोज मोजले. २०१७ साली त्यांनी बर्घेईच्या २,५७८ जनुकांचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जनुके रक्तातल्या सुरळीत वाढीला लागतात असे दिसले. २०१८ साली फ्लोरिडातल्या गटाने फाल्सिपेरममध्ये पिगीबॅक नावाचा, मुळात एका पतंगात सापडलेला, उड्या मारणारा डीएनए सोडला. तो ट-ट-अ-अ ही चार अक्षरे दिसतील तिथेच शिरतो, आणि अ-ट यांनी भरलेल्या या जनुकसंचात ही अक्षरे पावलोपावली आहेत. अडतीस हजारांहून अधिक उत्परिवर्ती वंश तपासून त्यांनी २,६८० जनुके आवश्यक ठरवली, आणि ती ठरवली मुख्यतः कुठे काहीच शिरलेले आढळले नाही यावरून. जिथे शिरण्याच्या पुष्कळ जागा असूनही लांबलचक जनुक कोरे राहिले, तिथे त्या कोरेपणाला वजन आहे. जिथे जनुक आखूड आणि जागा मोजक्या, तिथे ते कमी आहे, आणि हा भेद त्यांनी गणितात उतरवला. मला त्या कामाचा हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. माझे जनुक त्या यादीत आवश्यक म्हणून आले. आनंद झाला, पण ते काय काम करते याविषयी यादी मौन होती.

डीएनए हव्या त्या जागी कापणारे क्रिस्पर आमच्या क्षेत्रात २०१४ साली आले. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एकच गोष्ट नमूद करते. बहुतेक सजीवांत डीएनए तुटला की तुटलेली टोके कशीबशी जोडून टाकणारी यंत्रणा असते. हिवतापाच्या परजीवीत ती आढळत नाही. त्याला जुळणारा नमुना शेजारी दिला तरच तो नमुन्याबरहुकूम दुरुस्ती करतो, नाहीतर मरतो. त्यामुळे आपण दिलेला बदल अक्षरशः आपल्या मनाप्रमाणे उतरतो. ज्या कामाला औषधाचे फेरे घालत वर्ष जाई ते आता महिन्या-दीड महिन्यात होऊ लागले. काप कुठे घ्यायचा यावर मात्र बंधन राहिले, कारण क्रिस्परमधले कापणारे एंझाइम लागोपाठ दोन ग असलेली जागा मागते आणि या परजीवीत ग ची टंचाई आहे.

माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले ते ज्या साधनाने, त्याचे नाव डायक्री. क्री हे एंझाइम डीएनएवरच्या दोन ठरावीक खुणांमधला मजकूर कापून काढते. त्याचे दोन तुकडे करून परजीवीत ठेवलेले असतात, आणि सुटे असताना ते निष्क्रिय असतात. रॅपामायसिन दिले की ते दोन्ही तुकडे जवळ येतात आणि काही तासांत जनुक कापले जाते. हे रॅपामायसिन ईस्टर बेटाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेले. फाल्सिपेरममध्ये ही पद्धत २०१३ साली लंडनमध्ये प्रथम यशस्वी झाली. हिच्यामुळे परजीवी जनुकासकट वाढवता येतो, एकाच फ्लास्कचे दोन भाग करता येतात, एकात रॅपामायसिन आणि दुसऱ्यात नुसते द्रावक घालता येते, आणि दोहोंतला फरक पहिल्या तासापासून पाहता येतो. खोलीत दिवा लावल्यावर मग घडा शोधणे ते हेच. लंडनच्याच गटाने पुढे दाखवले की सब१ हे एंझाइम काढले तर पूर्ण वाढलेली पिले पिशवीतच अडकून राहतात, आणि सेरा६ काढले तर पिशवी फुटते पण तांबड्या पेशीचे आवरण फुटत नाही. दोन्ही प्रसंगी परजीवीचा वंश खुंटतो; साध्या रिकाम्या काचपट्टीवर ही दोन मरणे कधीच वेगळी ओळखता आली नसती.

माझ्या जनुकाभोवती त्या खुणा बसवून मी ती दोन फ्लास्क शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी पीसीआरच्या जेलवर रॅपामायसिनच्या रकान्यात लांब पट्टा जाऊन आखूड पट्टा आला होता. जनुक गेले होते आणि परजीवी अजून जिवंत होते. ही अवस्था मला आजवर कधी पाहायलाच मिळाली नव्हती. पहिले चक्र त्यांनी पुरे केले, कदाचित आधी बनलेल्या प्रथिनाच्या शिदोरीवर. पुढच्या चक्रात ते नव्या पेशींत शिरले, अंगठ्या झाल्या, आणि तिथेच थांबले. शेजारच्या फ्लास्कमधले परजीवी फुगत होते आणि त्यांच्यात हिमोग्लोबिनच्या अवशेषाचे तपकिरी कण गोळा होत होते. इकडे अंगठ्या आकसून काळपट ठिपके झाल्या. मी ती रात्र काचपट्ट्या करत काढली, आणि थकवा जाणवलाही नाही. नंतर त्याच परजीवींना जनुकाची दुसरी प्रत अन्यत्र बसवून दिली, आणि मग रॅपामायसिन दिले तरी ते वाढत राहिले. काढल्यावर अडते एवढेच सांगून भागत नाही, परत दिल्यावर चालते हेही दाखवावे लागते. माझ्या मते या दुसऱ्या दाखल्यावाचून पहिला प्रसिद्ध करू नये.

या सर्व खटाटोपाचा रुग्णाशी संबंध काय, असे मला अनेकदा विचारले जाते. क्लोरोक्विन या औषधाला दाद न देणारा फाल्सिपेरम भारतात १९७३ साली आसामात प्रथम नोंदवला गेला. त्यामागे कोणते जनुक, यावर कित्येक वर्षे वाद चालला, आणि तो मिटला तेव्हा, जेव्हा पीएफसीआरटी या जनुकाची प्रतिकारक आवृत्ती २००२ साली औषधाला बळी पडणाऱ्या परजीवीत हाताने बसवली गेली आणि तो क्लोरोक्विनला पुरून उरला. आर्टेमिसिनिन या औषधाच्या बाबतीत कंबोडियातल्या रुग्णांच्या परजीवींत के१३ या जनुकातले बदल २०१४ साली आढळले, आणि २०१५ साली तेच बदल प्रयोगशाळेत घालून-काढून त्यांची जबाबदारी पक्की करण्यात आली. आता रुग्णाच्या बोटाच्या थेंबातले तेवढेच जनुक वाचून प्रतिकार कुठवर पसरला हे सांगता येते. औषधयोजनेचे निर्णय ज्या पुराव्यावर घेतले जातात, त्यातली निर्णायक कडी अशा फ्लास्कांतून आलेली आहे, आणि म्हणून ती निर्दोष असावी याविषयी मी इतकी आग्रही आहे.

एक मोठी उणीव मला अस्वस्थ करते. मुंबईतल्या रुग्णांत व्हायव्हॅक्स या जातीचे प्रमाण मोठे आहे. तो यकृतात सुप्त रूपाने दडून राहतो आणि महिन्यांनंतर पुन्हा ताप आणतो. पण तो केवळ कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो, आणि फाल्सिपेरमसारखा फ्लास्कमध्ये अखंड वाढवणे अजून साधलेले नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या साधनांपैकी जवळजवळ एकही त्याच्यावर नेमाने चालवता येत नाही. त्याच्या नात्यातला, माकडांत आढळणारा नोलेसी मात्र २०१३ साली लंडनमध्ये मानवी पेशींत वाढायला शिकवला गेला आहे, आणि २०१९ साली त्याच्यातले पेशीप्रवेशाचे जनुक क्रिस्परने काढून त्याजागी व्हायव्हॅक्सचे बसवण्यात आले, तरी तो वाढला. माझ्याकडची एक विद्यार्थिनी आता माझ्याच जनुकाची व्हायव्हॅक्समधली आवृत्ती नोलेसीत बसवू पाहते आहे. जैवसुरक्षा समितीकडे तिचा अर्ज गेला आहे, प्लाझमिडचा मजकूर अक्षर न् अक्षर जुळला आहे, आणि निरुपद्रवी बदल करणारा जोडीचा प्लाझमिड तिने, मी न सांगता, आधी बांधून ठेवला आहे.